उच्च संख्या-सिद्धांत व्हिडिओतून सर्वसामान्यांना दाखवताना सिद्धता किती दाखवावी?

शनिवारचा_पडदा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी संध्याकाळी मी गणितावरचे इंग्रजी व्हिडिओ पडद्यावर लावतो आणि मध्ये मध्ये थांबवून ते मराठीत समजावून सांगतो. मी गणिताचा प्राध्यापक नाही. माझी तीस वर्षे सहकारी बँकेत खतावण्या तपासण्यात गेली. येणारी मंडळी पंधरा-वीस असतात. त्यांत दोन निवृत्त शिक्षिका, एक शिंपीकाम करणारे गृहस्थ, औषधाच्या दुकानातील दोघे जण आणि कला शाखेत बारावीला असलेल्या चार मुली नियमाने येतात.

पहिल्या आठवड्यात सूचनाफलकावर मी ‘अंकशास्त्रावरील व्हिडिओ’ असे लिहिले, तेव्हा निम्मे लोक गाडीचा क्रमांक शुभ आहे का, हे विचारायला आले. ‘संख्याशास्त्र’ लिहावे तर मराठीत त्याचा अर्थ सर्वेक्षणे आणि सरासऱ्या असा होतो. शेवटी ‘१, २, ३, ४ यांच्याविषयी’ एवढेच लिहिले आणि योग्य माणसे आली.

खरी अडचण निराळीच आहे. एका शनिवारी मी एका प्रसिद्ध इंग्रजी चॅनेलचा व्हिडिओ लावला. त्यात १ + २ + ३ + ४ अशी कधीही न संपणारी बेरीज वजा १/१२ येते, असे चार-पाच ओळींत करून दाखवले होते. टाळ्या पडल्या. सोमवारी मी गोळ्या आणायला गेलो तेव्हा औषधाच्या दुकानातले गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, तुमच्या गणितात काहीही सिद्ध होतं. मग आमची उधारीसुद्धा वजा एक छेद बारा धरा की.” मी हसलो खरा, पण मला उत्तर देता आले नाही. ज्यांना मी गणिताच्या जवळ आणू पाहत होतो, त्यांच्या मनात गणित म्हणजे हातचलाखी असा समज मीच पेरला होता.

आता दहा-बारा मिनिटांचे मराठी व्हिडिओ स्वतःच करावेत, असे मनात आहे. मला विचारायचे आहे ते असे: मूळ संख्यांच्या पलीकडचा, ज्याला उच्च म्हणता येईल असा संख्या-सिद्धांत गणित न शिकलेल्या माणसाला प्रामाणिकपणे दाखवता येतो का? येत असेल, तर सिद्धता किती दाखवावी, आणि जी दाखवता येत नाही तिच्याविषयी काय बोलावे?

बाकी_शून्य

औषधाच्या दुकानातील गृहस्थांची शंका रास्त आहे आणि तिला बगल देऊ नये. उलट, पुढच्या शनिवारी त्यांनाच फळ्यापाशी बोलवावे. व्हिडिओत श्रेणी एक घर सरकवून वजा केली होती ना? तीच क्रिया पुन्हा करा. १ + २ + ३ + ४ … या बेरजेखाली तीच बेरीज एक घर उजवीकडे सरकवून लिहा आणि वजा करा. वर १ + १ + १ + १ … उरते. एकाच बेरजेतून तीच बेरीज वजा केली असल्यामुळे याचे उत्तर शून्य धरावे लागेल. आता १ + १ + १ … हीसुद्धा एक घर सरकवून स्वतःतून वजा करा. वर केवळ १ उरतो, आणि शून्यातून शून्य गेले असल्यामुळे तोही शून्यच ठरतो. म्हणजे १ बरोबर ०. दुकानदाराची तक्रार नेमकी हीच होती: सरकवून वजा करण्याची मोकळीक अशा अपसारी, म्हणजे ज्यांची बेरीज कुठेच स्थिरावत नाही अशा, श्रेणींना सरसकट देता येत नाही.

मग वजा १/१२ हे खोटे आहे का? तसेही नाही. संख्यांच्या व्यस्तांचे घात घेऊन केलेली एक बेरीज असते. वर्गांचे व्यस्त घेतले, तर ती पायच्या वर्गाच्या सहाव्या भागाइतकी येते, हे ऑयलरने १७३४ मध्ये शोधले. घात एकापेक्षा मोठा असेल, तोवर ही बेरीज नीट वागते. त्यापलीकडे ती बेरीज म्हणून संपते, पण तिने आखलेली वक्ररेषा मात्र एकाच प्रकारे पुढे वाढवता येते, आणि १८५९ मध्ये रीमानने हा विस्तार पूर्ण केला. घात वजा एक घेतला की व्यस्तांचे पुन्हा १, २, ३, ४ होतात, आणि त्या वाढवलेल्या रेषेवर वजा एक या ठिकाणी वजा १/१२ हे मूल्य मिळते. बेरीज आणि तिच्या विस्ताराचे मूल्य या दोन गोष्टी आहेत. त्या दोहोंमध्ये बरोबरीचे चिन्ह घालून मोकळे झाले की टाळ्या मिळतात आणि विश्वास जातो. रामानुजनने २७ फेब्रुवारी १९१३ च्या पत्रात इंग्रज गणितज्ञ हार्डीला ही बेरीज कळवली, तेव्हा आपण मला थेट वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल, अशा अर्थाचे वाक्य त्यानेच जोडले होते. पत्र लिहिणाऱ्याला जी धास्ती वाटली, ती दाखवणाऱ्यालाही थोडी वाटायला हवी.

आता कोणता विषय घ्यावा? माझे मत असे की ज्या प्रश्नाचे विधान पाचवीच्या मुलाला कळते, ज्यातील निदान एक गोष्ट पूर्ण सिद्ध करता येते आणि ज्याचे टोक आजही कुणाच्या हाती लागलेले नाही, असा प्रश्न निवडावा. तीन घनांचा प्रश्न या तिन्ही कसोट्यांना उतरतो. कोणती पूर्ण संख्या तीन घनांच्या बेरजेने मिळते? ऋण संख्यांचे घनही चालतील. २९ सोपा आहे, कारण २७ + १ + १. पण ३० साठी दहा आकडी संख्या लागल्या, आणि त्या १९९९ मध्ये सापडल्या.

आपण बँकेत होता, म्हणजे गुणाकाराचा नवाने ताळा कसा घेतात, हे आपल्याला सांगायला नको. १ ते ९ यांचे घन फळ्यावर लिहायला लावा: १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९. प्रत्येकाचे अंक एक आकडा उरेपर्यंत मिळवत जा. १, ८, ९, १, ८, ९, १, ८, ९ असे येते. हे दिसल्यावर सभागृह आपोआप गप्प होते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. पुढच्या संख्यांनाही हेच लागू होते, कारण कोणतीही संख्या तीनच्या पटीत असते, किंवा त्या पटीहून एकाने जास्त वा कमी असते, आणि तिचा घन केला की नवाची बाकी अनुक्रमे ०, १ आणि ८ येते. आठ म्हणजे नवाला एक कमी, म्हणून त्याला वजा एक म्हणा. तिघांनी मिळून ०, १ किंवा वजा १ एवढेच आणायचे ठरवले, तर बेरीज वजा ३ ते ३ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. म्हणून ज्यांच्या अंकांची बेरीज शेवटी ४ किंवा ५ उरते, त्या संख्या तीन घनांतून कधीही मिळणार नाहीत. १३, १४, २२, २३, ३१, ३२ या कायमच्या बाद. ही संपूर्ण सिद्धता झाली. तिच्यात काहीही झाकलेले नाही.

त्यानंतर ३३ विषयी बोला. नंबरफाइल या चॅनेलवर २०१५ मध्ये गणितज्ञ टिम ब्राउनिंग यांनी ही संख्या अजून सुटलेली नाही, असे सांगितले. तो व्हिडिओ पाहून ब्रिस्टल विद्यापीठाचे अँड्र्यू बुकर या शोधाकडे वळले आणि २०१९ मध्ये त्यांनी उत्तर काढले. लोकांसाठी केलेल्या व्हिडिओतून संशोधनाला धक्का मिळाल्याचे याहून चांगले उदाहरण मला आठवत नाही. उत्तर असे: ८८६६१२८९७५२८७५२८ चा घन, त्यातून ८७७८४०५४४२८६२२३९ चा घन वजा, त्यातून २७३६१११४६८८०७०४० चा घन वजा. या सोळा-सोळा आकडी संख्या पडद्यावर लावा आणि मंडळींकडून ताळा घ्या. पहिलीचे अंक मिळवत २ उरतो, त्याचा घन ८. दुसरीचा ७ उरतो, त्याच्या घनाचा १. तिसरीचा ४, त्याच्या घनाचाही १. आठातून दोन गेले, सहा उरले, आणि ३ + ३ सुद्धा सहाच. अर्थात ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असे नव्हे, हे आपल्यासारख्या तपासनिसाने मंडळींना सांगितले, तर ते माझ्यापेक्षा अधिक पटेल.

शोध कसा लागला, याचेही एक टोक दाखवता येते. दोन घनांच्या बेरजेचे अवयव पडतात, हे सूत्र शाळेत सर्वांनी घोकलेले असते. ३३ मधून तिसरा घन वजा केला की जे उरते, त्याला पहिल्या दोन संख्यांच्या बेरजेने भाग जायलाच हवा. म्हणून आंधळेपणाने तिन्ही संख्या शोधण्याऐवजी त्या बेरजेच्या बाजूने शोध घेतला जातो. येथे थांबावे आणि पुढची युक्ती आपण दाखवत नाही, असे स्पष्ट सांगावे. न दाखवलेले झाकण्यापेक्षा मोकळेपणाने बाजूला ठेवलेले बरे.

कॅमेऱ्यामागची

मी गणितातली नाही. शैक्षणिक व्हिडिओंचे संकलन करणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून केवळ त्या बाजूने लिहिते.

काका, अशा व्हिडिओत सर्वात जास्त फसवणूक गतीने होते, शब्दांनी नव्हे. ओळ पडद्यावर येते, रंगीत बाण फिरतो, संगीत वर जाते आणि प्रेक्षकाला आपल्याला समजले असे वाटते, कारण त्याला न समजण्याइतका वेळच मिळालेला नसतो. वरचे घनांचे उदाहरण घ्यायचे असेल, तर ४ आणि ५ का येत नाहीत, हे विचारून वीस सेकंद काहीही बोलू नका. पडद्यावर नऊ आकडे तसेच राहू द्या. संकलनाच्या टेबलावर वीस सेकंदांची शांतता भयंकर वाटते आणि ती कापावी असा मोह होतो. तो टाळा.

हाताने कागदावर लिहिलेले चित्रीकरण पुरेसे आहे. थ्री-ब्लू-वन-ब्राउन या चॅनेलच्या ग्रँट सँडरसन यांनी स्वतःसाठी लिहिलेली, गणिताची हलती चित्रे तयार करणारी मॅनिम नावाची प्रणाली आता कुणालाही विनामूल्य वापरता येते. पण ती सूत्रांसाठी लाटेक या सूत्रे छापण्याच्या प्रणालीवर अवलंबून असते आणि तिच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरी अक्षरे घातली की अडते. मजकुरासाठी तिच्यात वेगळा आदेश आहे, त्यात युनिकोड टंक दिला की जोडाक्षरे नीट उमटतात. माझा एक आख्खा रविवार या शोधात गेला होता, तो तुमचा वाचावा म्हणून लिहिले.

६१७४

घनांचे उदाहरण उत्तम आहे, पण मराठी प्रेक्षकाला ब्रिस्टलला नेण्याआधी देवळालीला का नेऊ नये? द. रा. कापरेकर हे देवळालीच्या शाळेतील शिक्षक. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करावी आणि हेच पुन्हा पुन्हा करावे, म्हणजे जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. डोंबिवली स्थानकाच्या नावावरून त्यांनी एका संख्या-प्रकाराला डेम्लो असे नाव दिले होते. आपल्या लोकलच्या स्थानकावरून संख्यांना नाव पडले, हे ऐकल्यावर कोणता मराठी माणूस पुढचे ऐकणार नाही?

बाकी_शून्य

कापरेकरांविषयी मला अतिशय आदर आहे आणि पहिल्या दहा मिनिटांसाठी ६१७४ सारखे दुसरे काही नाही. मात्र प्रश्न उच्च संख्या-सिद्धांताचा आहे. ६१७४ हे आपण संख्या दशमान पद्धतीने लिहितो म्हणून घडते. लिहिण्याची पद्धत बदलली की संख्या तीच राहते, पण गंमत बदलते. आपल्याच मातीतले हवे असेल, तर भास्कराचार्यांकडे जावे. एका वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवल्यावर पुन्हा पूर्ण वर्ग मिळावा, अशी सर्वात लहान संख्या २२६१५३९८० आहे, आणि ती ११५० च्या सुमारास त्यांनी चक्रवाल पद्धतीने काढून दाखवली. फ्रेंच गणितज्ञ फर्मा याने हाच ६१ चा प्रश्न युरोपातील गणितज्ञांना १६५७ मध्ये आव्हान म्हणून घातला. हा प्रश्न दशमान पद्धतीवर अवलंबून नाही.

वक्ररेषा

मी परदेशात संख्या-सिद्धांतात संशोधन करते. हा धागा मैत्रिणीने पाठवला. वरच्या सरांशी मी जवळपास सहमत आहे, तरी त्यांनी ‘उच्च’ या शब्दाला थोडे भिऊन उत्तर दिले, असे मला वाटते. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची (दोन घनांची बेरीज पूर्ण घन होत नाही, आणि दोनपेक्षा मोठ्या प्रत्येक घाताचे तसेच) सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला जाहीर केली. नंतर तिच्यात एक भगदाड सापडले, आणि रिचर्ड टेलर यांच्या मदतीने ते सप्टेंबर १९९४ मध्ये बुजवले गेले. या गोष्टीवर पुष्कळ व्हिडिओ आहेत, आणि बहुतेकांत वाइल्स यांची सात वर्षांची एकांतातील मेहनत दिसते, गणित दिसत नाही. ‘इलिप्टिक कर्व्ह’ आणि ‘मॉड्युलर फॉर्म’ ही दोन नावे मंत्रासारखी उच्चारली जातात. वास्तविक त्या दोहोंमधील नाते वाचनालयात, कागद-पेन्सिल घेऊन, हाताने पाहता येते.

इलिप्टिक कर्व्ह म्हणून हे समीकरण घ्या: य चा वर्ग अधिक य बरोबर क्ष चा घन वजा क्ष चा वर्ग. त्याची उत्तरे नेहमीच्या अर्थाने शोधायची नाहीत. एक मूळ संख्या निवडायची, समजा ५. क्ष आणि य यांच्या जागी ० ते ४ घालायचे आणि दोन्ही बाजूंना पाचाने भागून बाकी सारखी येते का, एवढेच पाहायचे. डावी बाजू क्रमाने ०, २, १, २, ० देते. उजवी बाजू ०, ०, ४, ३, ३ देते. दोन्हीकडे आढळते ते केवळ शून्य. डावीकडे दोनदा, उजवीकडेही दोनदा. म्हणून जोड्या मिळाल्या चार. असेच २ साठी केले तर ४, ३ साठी ४ आणि ७ साठी ९ जोड्या येतात. आता प्रत्येक मूळ संख्येतून तिच्या जोड्यांची संख्या वजा करा. २ साठी वजा २, ३ साठी वजा १, ५ साठी १, ७ साठी वजा २. ही एक यादी झाली.

दुसरी यादी पूर्णपणे वेगळ्या ठिकाणाहून, म्हणजे मॉड्युलर फॉर्ममधून, येते. एक अक्षर घ्या, क. एकातून क वजा केलेला कंस, एकातून क चा वर्ग वजा केलेला, एकातून क चा घन वजा केलेला, असे न संपणारे कंस, प्रत्येक दोन-दोन वेळा घ्या. त्यांना एकातून क चा अकरावा, बाविसावा, तेहतिसावा घात वजा केलेल्या कंसांनी, तेही दोन-दोन वेळा, गुणा आणि शेवटी सगळ्याला एकदा क ने गुणा. कंस सोडवत गेले की क च्या दुसऱ्या घाताचा सहगुणक वजा २ येतो, तिसऱ्याचा वजा १, पाचव्याचा १ आणि सातव्याचा वजा २. येथे अनंत गुणाकार असला, तरी कसलीही हातचलाखी नाही, कारण सातव्या घातापर्यंतचे सहगुणक पक्के करायला पहिले सहा कंसच लागतात आणि पुढचे कंस त्यांना हात लावत नाहीत. सहकारी बँकेच्या माणसाला हे खातेनिहाय जमा-नावासारखेच वाटेल.

या दोन याद्या सर्व मूळ संख्यांसाठी जुळतात, हे मार्टिन आयश्लर यांनी १९५४ मध्ये सिद्ध केले. अशा प्रत्येक समीकरणाला जुळणारी दुसरी यादी असतेच, हे अनुमान तानियामा आणि शिमुरा यांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यातील एका मोठ्या वर्गासाठी ते सिद्ध झाल्यावर फर्माचे प्रमेयही सिद्ध झाले. ते का जुळते, हे बारा मिनिटांत सांगता येणार नाही. किंबहुना बारा महिन्यांतही मला ते नीट सांगता येईल का, याची शंका आहे. पण काय जुळते, हे चौथीपर्यंतचा गुणाकार येणाऱ्या माणसाने स्वतः पाहिलेले असेल. व्हिडिओत २ आणि ३ आपण करून दाखवावे, ५ प्रेक्षकासमोर अर्धे सोडावे आणि ७ त्याच्यावर सोपवून व्हिडिओ बंद करावा. ज्याने ४९ जोड्या तपासल्या, त्याला कुणीही गणितात काहीही सिद्ध होते असे पटवू शकत नाही.

शनिवारचा_पडदा

सर्वांचे मनापासून आभार. दोन शनिवारांचा वृत्तांत देतो.

पहिल्या शनिवारी १ बरोबर ० करून दाखवले. औषधाच्या दुकानातील गृहस्थ समाधान पावले, निदान उधारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. नंतर घनांचा तक्ता केला. १, ८, ९ हा फेरा प्रथम शिंपीकाका यांच्या लक्षात आला. ते म्हणाले, “तीन टाके आणि परत तेच.” ४ आणि ५ का येत नाहीत, हे कला शाखेतील एका मुलीने स्वतः फळ्यावर येऊन सांगितले. तेहतीसचा ताळा घेताना एका शिक्षिकेने विचारले की ज्यांचा ताळा आड येत नाही, त्या सर्व संख्यांना उत्तर असतेच का? असावे असा तज्ज्ञांचा कयास आहे, पण ते सिद्ध झालेले नाही आणि ११४ चे उत्तर अजून कुणालाही सापडलेले नाही, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “हे तुम्ही अगदी सुरुवातीलाच का नाही सांगितलंत? आम्हाला वाटलं होतं, गणितातलं सगळं संपलेलं असतं.”

दुसऱ्या शनिवारी वक्ररेषा ताईंचे समीकरण घेतले. चित्रीकरणही केले, वीस सेकंदांची शांतता मला तेरा सेकंदांवर तोडावी लागली, कारण पंखा फार आवाज करतो. सातपर्यंत सर्वांचे जुळले, अकराला १० जोड्या आल्या, त्याही जुळल्या. तेराला मात्र वाद झाला. शिंपीकाकांच्या मते ८ जोड्या आहेत आणि मुलींच्या मते ९. कंसांच्या बाजूने तपासावे, तर बाराव्या घातापासून अकरावाला कंसही कामाला लागतो आणि तिथे माझीच वजाबाकी चुकते आहे. पुढच्या शनिवारी १६९ जोड्यांचा तक्ता मोठ्या कागदावर आखून पुन्हा मोजायचे ठरले आहे. कागद शिंपीकाका आणणार आहेत.